छंदांचा रकाना

अमेरिकेत डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, करायची असेल तर एक लांबलचक अर्ज भरावा लागतो. परीक्षांचे निकाल, शिफारसपत्रं, शोधनिबंध, "मला हीच शाखा का हवी" असा एक पानभर निबंध, हे सगळं त्यात असतंच. पण त्याच अर्जात आणखी दोन गोष्टी विचारतात. एक म्हणजे आजवर तुम्ही काय काय कामं केलीत. पगारी, बिनपगारी, डॉक्टरकीशी संबंध असलेली आणि नसलेलीही. आणि दुसरी म्हणजे तुमचे छंद. या दोन रकान्यांवरून आमच्याकडे सध्या रोज चर्चासत्र भरतंय, कारण माझ्या ताईचा मुलगा एमबीबीएस होऊन यंदा हा अर्ज भरतोय. त्याच्याकडे लिहिण्यासारखं बरंच आहे, पण ते लिहावं की झाकून ठेवावं हेच त्याला कळत नाहीये. नातेवाईक मंडळींनी आपापली मतं फोनवरून कळवलेली आहेतच (सगळ्यांची पोचली, धन्यवाद!). माझं मत द्यायच्या आधी मला मात्र जरा मागे जाऊन बघावंसं वाटलं, की आपल्याकडच्या ज्या डॉक्टरांची नावं आपण घेतो, त्यांनी या रकान्यांत काय लिहिलं असतं?

सुरुवात भाऊ दाजी लाडांपासून करू. जन्म १८२० च्या दशकातला, गाव पेडण्याजवळचं मांद्रे. ते गोव्यात आहे, म्हणजे आपल्या कोकणातलंच म्हणायचं. घरची गरिबी. वडील मातीच्या बाहुल्या विकायचे. या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट सांगतात, आणि ती जुन्या चरित्रलेखांत नोंदलेलीही आहे. त्याचं बुद्धिबळ बघून एक इंग्रज साहेब इतका चकित झाला की त्याने वडिलांना गाठून सांगितलं, या पोराला इंग्रजी शिकवा. मग मुंबई, एल्फिन्स्टनमधलं शिक्षण, बक्षिसं, शिष्यवृत्त्या. पुढे वडील गेले आणि भाऊंनी तिथेच मास्तरकी धरली. त्याच काळात बालहत्येच्या प्रथेवर निबंधस्पर्धा जाहीर झाली, भाऊंनी निबंध लिहिला आणि बक्षीस पटकावलं. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते आणि १८५१ पासून त्यांनी मुंबईत प्रॅक्टिस केली.

म्हणजे बघा, छंद: बुद्धिबळ. जोडधंदा: मास्तरकी. इतर: निबंधलेखन. डॉक्टर झाल्यावर तर ही यादी आवरेना. जुनी नाणी, ताम्रपट, शिलालेख, संस्कृत हस्तलिखितं, फोटोग्राफी. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख वाचायला गेले, कालिदासाच्या काळावर लिहिलं, आर्यभटाच्या काळावर लिहिलं. दुसरीकडे जुन्या ग्रंथांत सांगितलेली औषधं प्रत्यक्ष वापरून बघण्याचा नाद होता आणि त्यातून कुष्ठरोगावर काम केलं. १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले आणि १८७४ साली गेले. भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारचं म्युझियम आपण बघतो ना, त्याला १९७५ साली त्यांचंच नाव दिलं. (मुंबईकर वाचकांपैकी जे तिथे अजून गेले नसतील त्यांनी जरूर जावं. मातीच्या छोट्या छोट्या माणसांचे नमुने आहेत तिथे, बारा बलुत्यांचे. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाचं नाव त्या इमारतीला आहे हे लक्षात ठेवून बघितलं की वेगळंच वाटतं.)

आता भाऊंचं बुद्धिबळ कुठल्याही अर्जात नव्हतं. ते कुणाच्या तरी नजरेला पडलं, एवढंच. गावात अशी आणखी किती पोरं होती ज्यांच्याकडे कुणी साहेब बघायला आला नाही, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

प्रत्यक्ष अर्ज बघायचा तर आनंदीबाई जोशींचा बघावा. त्यांची कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. फक्त तो अर्ज. २८ जून १८८३ ची तारीख आहे. आनंदीबाई कलकत्त्याहून निघून अमेरिकेत पोचल्या त्याला महिनासुद्धा झालेला नव्हता, वय अठराचं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलेलं हे पत्र आहे, आणि माझ्या मते आपल्या भाषेतल्या माणसांनी परदेशी कॉलेजला केलेल्या अर्जांत याच्याइतका सरळ अर्ज दुसरा नसेल. त्या स्वतःच मोकळेपणाने सांगतात की तुमच्या प्रवेशाच्या सगळ्या अटी कदाचित मी पुऱ्या करू शकणार नाही. आणि लगेच पुढे म्हणतात की माझी गोष्ट नेहमीसारखी नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या. मग आपली पात्रता म्हणून काय मांडतात? आप्तेष्टांचा आणि जातीचा एकत्रित विरोध पत्करून मी तुमच्या देशात आले, तोच निर्धार मला पुढचं काम तडीला न्यायला मदत करेल. आणि ते काम कोणतं, तर माझ्या देशातल्या बायकांना हवी असलेली खरी वैद्यकीय मदत पोचवणं.

यात गंमत अशी आहे की जे कमी होतं तेही झाकलेलं नाही, आणि जे जास्त होतं तेही फुगवलेलं नाही. नऊवारीतली ब्राह्मणाची बायको समुद्र ओलांडून आली ही गोष्ट तिथल्या लोकांना केवढी नवलाची वाटली असेल! आनंदीबाईंना ते कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण त्यांनी त्याचा तमाशा केला नाही. नवल बाजूला ठेवून त्याच्यामागची चिकाटी पुढे केली. कॉलेजने घेतलं. ११ मार्च १८८६ ला त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे घरातून जे घेऊन आल्या होत्या त्याचाच अभ्यास केला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डवर नेमणूकही झाली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या. असो.

रेसिडेन्सी हा शब्द मात्र आनंदीबाईंच्या नंतरचा. १८८९ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडलं, तिथे ऑस्लर आणि हॉल्स्टेड या दोन गुरुजींनी नव्या डॉक्टरांना हॉस्पिटलातच ठेवून वर्षानुवर्षं शिकवायची पद्धत बसवली. ते खरोखरच तिथे राहायचे, म्हणून रेसिडेंट. आपल्याकडे निवासी डॉक्टर म्हणतात ते त्यावरूनच. त्या काळात तिथे कुणी छंद विचारत असेल असं वाटत नाही, कारण छंदाला वेळ होता कुणाकडे? पुढे हॉस्पिटलं आणि उमेदवार दोन्ही वाढले, हॉस्पिटलं चांगली मुलं पळवायला लागली, तेव्हा १९५२ पासून मॅच नावाची व्यवस्था आली. मुलाने आपल्या आवडीची हॉस्पिटलं क्रमाने लिहायची, हॉस्पिटलांनी आपल्या आवडीची मुलं क्रमाने लिहायची, आणि मग जुळणी. आपल्याकडे पत्रिका जुळवतात तसंच, फक्त इथे मंगळ नाही.

पण "तुम्ही माणूस म्हणून कसे आहात" हे अर्जात विचारण्याची अमेरिकन पद्धत त्याच्याही आधीची आहे, आणि तिची मुळं काही फारशी सोज्ज्वळ नाहीत. १९२० च्या दशकात तिथल्या मोठ्या विद्यापीठांच्या लक्षात आलं की नुसते गुण बघून प्रवेश दिला तर ज्यूंची मुलं फार यायला लागलीत. गरीब स्थलांतरितांची, रात्रंदिवस अभ्यास करणारी मुलं. त्यांना सरळ नको म्हणता येईना. मग अर्जात नवे प्रश्न आले. १९२२ साली हार्वर्डच्या अर्जात धर्म कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, वडील कुठे जन्मले, तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केलाय का, असं विचारायला सुरुवात झाली. त्याच्या जोडीला व्यक्तिमत्त्व, चारित्र्य, खेळ, आवडीनिवडी यांना महत्त्व आलं. गुणांत मागे टाकता येत नव्हतं त्या मुलाला व्यक्तिमत्त्वात मागे टाकता येत होतं. मेडिकल कॉलेजांतही ज्यूंच्या संख्येवर अशी मर्यादा अनेक वर्षं होती. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये आइन्स्टाइनच्या नावाचं मेडिकल कॉलेज एका ज्यू विद्यापीठाने काढलं, त्यामागे हीही पार्श्वभूमी होती.

तेव्हा छंदांचा रकाना दिसतो तितका निरागस नाही. ज्याच्या घरी टेनिसची रॅकेट आहे त्याला तो सोपा जातो.

आता मात्र तोच रकाना जवळजवळ उलट्या कारणासाठी महत्त्वाचा झालाय. २०२२ च्या जानेवारीपासून अमेरिकेच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात गुण द्यायचं बंद झालं, नुसतं पास किंवा नापास. आकड्यावरून गाळणी लावायची सोय कमी झाल्यावर बाकीचा अर्ज वाचणं आलं. २०२३ सालच्या हंगामापासून अर्जात अनुभव जास्तीत जास्त दहाच लिहायचे, आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते तीन निवडून त्यांच्यावर चार ओळी जास्त लिहायच्या, असा नियम आला. शिवाय वाटेत काही अडचणी सोसल्या असतील तर त्या सांगायला वेगळी जागा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या प्रश्नांनी गरिबाला बाहेर ठेवलं, तसल्याच प्रश्नांतून आता त्याला आत घ्यायचा प्रयत्न चाललाय. जमतंय की नाही ते तिथे राहणाऱ्या वाचकांनी सांगावं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हा रकानाच नाही. नीट-पीजीत जो रँक येईल तो. तुम्ही तबला वाजवता का, एव्हरेस्ट चढलात का, गावात वाचनालय काढलंत का, याची यादीला पर्वा नाही. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना याचा फार राग येतो. त्या म्हणतात, आम्ही यंत्रं निवडतो. मला तितकासा राग येत नाही, कारण आकड्यापलीकडचं काही बघायला बसलं की आपल्याकडे काय काय बघितलं जातं हे आपण पाहिलंय. १९८५ सालच्या मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेचं प्रकरण आठवा. गुण बदलल्याच्या आरोपावरून ते कोर्टात गेलं. हायकोर्टाने ताशेरे ओढले आणि १९८६ साली मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना पायउतार व्हावं लागलं. मुख्यमंत्र्यांच्या मुलीच्या गुणांचा प्रश्न होता तो! लेखी गुणांत जर असं होऊ शकतं, तर "उमेदवाराचं व्यक्तिमत्त्व" या सदराखाली काय झालं असतं? मामाचा छंद लिहिला असता लोकांनी. ज्या मुलाचा मामा नाही त्याच्यासाठी आकडा हीच एक भिंत आहे टेकायला. ती कितीही कोरडी असली तरी.

पण त्याचा एक परिणाम असा झाला की आपल्या डॉक्टरांचं दुसरं आयुष्य कागदावर कधी आलंच नाही. ते स्टेजवर आलं.

काशिनाथ घाणेकर आपल्या चिपळूणचे, १९३० चा जन्म. शिक्षणाने दातांचे डॉक्टर. १९६२ साली वसंत कानेटकरांच्या "रायगडाला जेव्हा जाग येते" मधला संभाजी, पुढे "अश्रूंची झाली फुले" मधला लाल्या. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका अजूनही लाल्या म्हटलं की जरा सावरून बसतात. त्यांच्याकडून दात काढून घेतलेलं मात्र मला आजवर कुणी भेटलं नाही! १९८६ च्या मार्चमध्ये नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच अमरावतीला गेले. नावामागचं डॉक्टर शेवटपर्यंत जाहिरातीत राहिलं.

श्रीराम लागूंचं उदाहरण भाच्याच्या दृष्टीने जास्त कामाचं आहे. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकताना नाटकाचं वेड लागलं. कान-नाक-घशाचे सर्जन झाले, पुण्यात प्रॅक्टिस केली, पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन आले, टांझानियात टबोरा नावाच्या गावी सर्जन म्हणून राहिले. आणि १९६९ साली बेचाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ नट झाले. वर्षभरात, डिसेंबर १९७० ला, "नटसम्राट" आलं. आता कल्पना करा, परदेशी जाताना लागूंनी छंद म्हणून अभिनय लिहिला असता आणि समोरच्या खडूस प्रोफेसराने विचारलं असतं, की काय हो, उद्या हे सगळं सोडून नाटकात तर नाही ना जाणार? लागूंनी काय उत्तर दिलं असतं ते देव जाणे (म्हणजे लागूंच्या बाबतीत तोही नाही!), पण प्रोफेसराची शंका सोळा आणे खरी ठरली असती.

उलट त्याच बी. जे. मधले मोहन आगाशे. १९७२ च्या "घाशीराम कोतवाल" मध्ये नाना फडणवीस, आणि एकीकडे मानसोपचाराचे प्राध्यापक. त्या नाटकाचे दिग्दर्शक जब्बार पटेल, तेही बी. जे. चे, बालरोगतज्ज्ञ. कॉलेजच्या एकांकिका आणि पुरुषोत्तम करंडक यांतून ही मंडळी आली. कुणाचा छंद त्याला व्यवसायातून ओढून घेऊन जातो आणि कुणाचा व्यवसायाशेजारी मुकाट नांदतो, हे विशीतल्या मुलाच्या अर्जावरून कुणाला कळायचं?

आता भाच्याकडे येते. त्याची यादी अशी. संगमेश्वराकडच्या आमच्या गावात शिमग्याला नमन-खेळे होतात. त्यात तो लहानपणी नाचायचा, मग मृदंग शिकला, आणि गेली काही वर्षं संकासूर होतो. काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी, हातात दोरीचा चाबूक. दुसरं, गणपतीच्या शाळेत काम. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी: शाळा म्हणजे शाडूच्या मूर्ती घडवतात ती जागा. तिथे आठवीपासून जातो. आधी माती तुडवली, मग रंग, आता डोळ्यांची आखणी त्याच्याकडे असते. आणि तिसरं, एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरणं. शेजारच्या बागायतदाराकडे, रोजावर. कॉलेजच्या सुट्ट्यांत तो हेच करायचा, आणि त्यातून पुस्तकांचे आणि मेसचे पैसे निघायचे.

त्याच्या एका सीनियरने सल्ला दिला की यातलं काही लिहू नकोस, वाचन, ट्रेकिंग आणि क्रिकेट लिही, सगळे तेच लिहितात. दुसऱ्याने बरोब्बर उलट सांगितलं, की हे तर सोनं आहे, संकासुराचा फोटोच पाठव! आणि ताईचं म्हणणं तिसरंच. पहिले दोन छंद लिही बाबा, पण पेट्यांचं नको. "पोराने मोलमजुरी केली हे सातासमुद्रापार सांगायचंय होय गं? आम्ही काय त्याला उपाशी ठेवला होता?" असं म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यावर भाचा काही बोलला नाही. तो नंतर मला एकट्याला घेऊन म्हणाला, "मावशी, आईला वाईट वाटणार असेल तर मी नाही लिहीत. पण मग माझ्या पाच उन्हाळ्यांत मी काय करत होतो म्हणून सांगू?"

इथे मला भाऊ दाजींची मास्तरकी आठवली. वडील गेल्यावर धरलेली नोकरी कुणी छंद म्हणत नाही, पण लपवतही नाही. ताईला मी एवढंच सांगितलं की छंदाच्या रकान्यात पेट्या नकोतच, कारण तो छंद नव्हता. कुणी हौसेने मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बसत नाही. ते काम होतं आणि अर्जात कामाचा रकाना वेगळा आहे. तिथे जसं होतं तसं लिहावं. कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, आठवड्याला किती तास, काय काम, आणि पैसे कशाला लागले. अडचणींचा जो वेगळा रकाना आहे तिथेही ते नको. उपाशी ठेवलं नव्हतं हे ताईचं म्हणणं खरंच आहे, आणि आपल्याहून मोठ्या अडचणीतून आलेल्या मुलांसाठी ती जागा आहे.

बाकी त्या कामात काय होतं ते त्याच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. झेल्याने उतरवलेले आंबे आले की आधी आकाराप्रमाणे निवड, डागी बाजूला. मग पेटीत पेंढा, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा. चार डझनी, पाच डझनी. वाशीला पोचेपर्यंत हलता कामा नये इतकी घट्ट आणि एकही दबता कामा नये इतकी सैल. आणि साका! हापूसला साका पडतो तो बाहेरून अजिबात दिसत नाही. रंग सुरेख, वास सुरेख, कापला की आत पांढरा, स्पंजासारखा. वर्षानुवर्षं पेट्या भरणारे म्हातारेसुद्धा हातात घेऊन खात्रीने सांगू शकत नाहीत. भाचा म्हणतो की वॉर्डात वरवर ठणठणीत दिसणारा पेशंट आला की मला साक्याची आठवण येते. मी त्याला म्हटलं, हे अर्जात लिहू नकोस, फार घोटीव वाटेल. मुलाखतीत कुणी विचारलं तर सांग.

संकासुराचं मात्र मी लिहायला सांगितलंय. एकाच ओळीत, फोटोबिटो न जोडता. शिमग्याला गावात लोकनाट्य होतं, त्यात दहा वर्षं मृदंग वाजवतो आणि एक पात्र करतो. बस. आनंदीबाईंनी नऊवारीचं वर्णन केलं होतं का? विचारणारा विचारेलच, कारण अशा मुलाखतीत अवघडलेपण घालवायला बऱ्याचदा छंदावरूनच सुरुवात होते म्हणे. आणि वाचन, ट्रेकिंग लिहिलं असतं तरी त्याने विचारलंच असतं, की शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंत? तेव्हा आमचे चिरंजीव काय सांगणार होते? गणपतीच्या शाळेचं त्याने तीन महत्त्वाच्या अनुभवांत घ्यायचं ठरवलंय, ते मला पटलं. बारा-तेरा वर्षं एकाच गुरुजींकडे, मातीपासून डोळ्यांपर्यंत एकेक पायरी वर चढत. हॉल्स्टेडची पद्धत याहून काय वेगळी होती?

शेवटी एका डॉक्टरांबद्दल, ज्यांचं नाव भाच्यानेच काढलं. इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्याने विंचू चावलेले पेशंट बघितले होते. कोकणातला लाल विंचू काय चीज आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. जांभ्याच्या गडग्यात, लाकडाच्या ढिगात, पेंढ्यात. पूर्वी असा विंचू चावला की माणूस घामाने भिजायचा, हातपाय गार पडायचे, तोंडातून गुलाबी फेस यायचा, आणि लहान मूल असेल तर पुष्कळदा रात्र काढायचं नाही.

हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातले. शिकताना हॉटेलात, पुस्तकांच्या दुकानात कामं केली, ते सगळं त्यांनी "बॅरिस्टरचं कार्टं" या आत्मचरित्रात लपवाछपवी न करता लिहिलंय. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून आले. विंचवाचा अभ्यास करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नेमणुकीच्या कागदावर ते काम नव्हतं, पगारात त्याचा पैसा नव्हता. पेशंटच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी करत राहिले, कारण डोळ्यांदेखत माणसं मरत होती आणि पुस्तकांत उपाय नव्हता. मग पुण्याला जाऊन एम.डी. केलं, आणि शहरात न थांबता परत महाडलाच आले. विंचूदंशाच्या सुरुवातीच्या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली "लॅन्सेट" मध्ये आला. १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला दुसरा लेख आला, प्राझोसिनबद्दलचा. ही तोवर रक्तदाबावरची एक साधी गोळी होती. विंचवाच्या विषाने शरीरात जो गोंधळ होतो त्यावर ती नेमकी चालते हे त्यांनी दाखवलं. गंभीर विषबाधा झालेल्यांत आधी शंभरातले तीस-चाळीस जायचे, ते प्रमाण त्यांच्या नोंदींप्रमाणे पुढे एक-दोनावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

भाच्याच्या आरोग्य केंद्रात त्या गोळ्या औषधांच्या कपाटात सगळ्यांत खालच्या फळीवर, दाराजवळ ठेवलेल्या असायच्या, रात्री दिवे गेले तरी हाताला लागाव्यात म्हणून.